नावानिशी वाटलेलं ज्ञान

एखाद्या संस्थेची माणसं दहा गावांत विखुरलेली असली की एकच अडचण दहा वेळा सोडवली जाते. नागपूरच्या शाखेत कुणी तीन दिवस डोकं खाजवून शोधलेली युक्ती कोल्हापूरच्या शाखेला कळत नाही. तिथला माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. यावरचा सरधोपट उपाय गेली पंचवीस-तीस वर्षं एकच आहे. संगणकावर एक सामाईक जागा तयार करायची, प्रत्येकाने आपल्याला जे माहीत आहे ते तिथे टाकावं असं परिपत्रक काढायचं आणि उद्घाटनाला मोठ्या साहेबांना बोलवायचं. वर्षभरात तिथे जुनी परिपत्रकं आणि सुट्ट्यांची यादी एवढंच उरतं. (यादी तेवढी सगळे जण मनापासून बघतात.) मग दोष कर्मचाऱ्यांच्या आळसाला किंवा सॉफ्टवेअरला दिला जातो आणि नवं सॉफ्टवेअर विकत घेतलं जातं. हे निदानच चुकतं. अशा व्यवस्था बंद पडतात त्या बहुतेक वेळा मालकीच्या प्रश्नावर. टिपण कोणाच्या नावावर राहणार, ते बरोबर आहे की नाही हे कोण ठरवणार, ते लिहायला लागणारा वेळ कामाचा धरला जाणार की नाही, हे सगळं प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या हाती असेल तर लांब-लांब बसलेली माणसंही एकमेकांना शिकवतात. हे हाती नसेल तर शेजारच्या टेबलावरचा माणूसही बोलत नाही. हे म्हणणं पारखून पाहायला सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे, आपल्याकडे गल्लोगल्ली जिच्या नावाच्या पाट्या दिसतात त्या झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचं.

ग्राहकाच्या कार्यालयातलं यंत्र बिघडलं की तिथे जाऊन ते चालू करायचं, हे या तंत्रज्ञांचं काम. काम एकट्याने करायचं. हाताशी हत्यारांची पेटी आणि कंपनीने दिलेल्या जाडजूड पुस्तिका. यंत्राने अमुक क्रमांकाची चूक दाखवली तर हे तपासा, ते ठीक असेल तर पुढच्या पायरीवर जा, अशी त्या पुस्तिकांची रचना होती. पुस्तिका नीट पाळली की कोणताही बिघाड सापडतो, अशी कंपनीची समजूत होती. कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पॅलो अल्टो संशोधन केंद्रात ज्युलियन ऑर नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते. एखाद्या जमातीबरोबर राहून तिचं जगणं टिपून घेण्याची आपल्या शास्त्राची रीत त्यांनी 1980 च्या दशकात या तंत्रज्ञांना लावली. ते त्यांच्याबरोबर फिरले, त्यांच्याबरोबर जेवले आणि गप्पा ऐकत राहिले. 1996 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या अभ्यासाने कंपनीची समजूत पार मोडीत काढली. पुस्तिकेत यंत्र एक असतं. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा असतो. कुठे हवा दमट, कुठे यंत्र म्हातारं, कुठे ग्राहक नको तो कागद घालणारा. यंत्राने दाखवलेली चूक कित्येकदा खऱ्या बिघाडाशी संबंधित नसते. अशा वेळी तंत्रज्ञ पुस्तिका मिटायचा आणि दुसऱ्या तंत्रज्ञाला गाठायचा. मग दोघं कित्येक तास एकमेकांना जुन्या यंत्रांच्या, जुन्या फजित्यांच्या गोष्टी सांगत आणि त्या गोष्टींतून समोरच्या बिघाडाचं निदान जुळत जाई. सकाळच्या न्याहारीला, कॉफीला, जेवणाला ही मंडळी जमत आणि यंत्रांबद्दलच बोलत. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा वाया गेलेला वेळ होता. ऑर यांनी दाखवलं की दुरुस्तीचं खरं ज्ञान त्या वेळातच तयार होत होतं.

आता हे ज्ञान एका टेबलाभोवती जमणाऱ्यांपलीकडे न्यायचं कसं? कंपनीने डेन्व्हरमधल्या तंत्रज्ञांना दुतर्फा रेडिओ देऊन पाहिले. ते लोक दिवसभर एकमेकांचं ऐकत, मध्येच सल्ला देत. पण रेडिओवरचं बोलणं हवेत विरतं. त्या वेळी ज्याने ऐकलं नाही त्याच्यासाठी ते झालंच नाही. दरम्यान संशोधन केंद्रातल्या संगणकतज्ज्ञांनी वेगळा मार्ग धरला होता. डॅनियल बोब्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली एक निदानप्रणाली बनवली. यंत्राची रचना संगणकाला शिकवायची आणि बिघाड त्यानेच शोधायचा, अशी कल्पना. ती घेऊन ते तंत्रज्ञांकडे गेले, तेव्हा तंत्रज्ञांनी सांगितलं की काम छान आहे, पण आमचं अडतं ते इथे नाही. रचनेवरून जे कळतं ते आम्हाला कळतंच. अडतं ते पुस्तिकेत नसलेल्या बिघाडांपाशी, आणि अशा प्रत्येक बिघाडाचं उत्तर आमच्यातल्याच कुणीतरी कुठेतरी शोधलेलं असतं. संशोधकांनी हे ऐकून घेतलं आणि आपली प्रणाली बाजूला ठेवली. हा भाग मला सगळ्या कथेतला सर्वांत दुर्मीळ वाटतो. मग फ्रान्समधल्या तंत्रज्ञांना हाताशी धरून ‘युरेका’ नावाच्या व्यवस्थेची सुरुवात झाली. त्या काळी फ्रान्समध्ये टेलिफोनला जोडलेली मिनिटेल नावाची छोटी पडदेयंत्रं घरोघरी होती. युरेकाच्या पहिल्या टप्प्याला ते जाळं कामी आलं.

युरेकाची रीत साधी होती. तंत्रज्ञाला नवा बिघाड आणि त्यावरचा उपाय सापडला की तो चार ओळींचं टिपण लिहून पाठवणार. ते टिपण त्या यंत्रातल्या जाणकार तंत्रज्ञाकडे जाणार. तो लिहिणाऱ्याशी बोलून ते तपासणार, गरज पडली तर सुधारून घेणार किंवा नाकारणार. मान्य झालेलं टिपण सगळ्यांना दिसणार आणि त्याखाली लिहिणाऱ्याचं नाव असणार. तपासणाराही साहेब नव्हता, त्याच कामातला माणूस होता. टिपण लिहिणाऱ्याला पैसे द्यावेत का, अशी चर्चा झाली तेव्हा तंत्रज्ञांनीच नको म्हटलं. पैसे आले की टिपणांची संख्या मोजली जाईल, त्यांचा दर्जा कुणी बघणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना हवं होतं ते नाव. फ्रान्समध्ये सुटे भाग आणि वेळ या दोन्हींत बचत दिसल्यावर ही पद्धत कॅनडात आणि पुढे इतर देशांत गेली. जगभरचे सुमारे वीस हजार तंत्रज्ञ तिच्या कक्षेत आले. ब्राझीलमध्ये एका ग्राहकाचं यंत्र काही केल्या सुधारत नव्हतं. सुमारे 40 हजार डॉलरचं ते यंत्र बदलून द्यायची वेळ आली होती. तेवढ्यात तिथल्या तंत्रज्ञाला मॉन्ट्रियलच्या तंत्रज्ञाने लिहिलेलं टिपण सापडलं, आणि एक किरकोळ किमतीचा भाग बदलून काम भागलं. 2000 च्या सुमारास कंपनीचा स्वतःचा अंदाज असा होता की युरेकामुळे 10 कोटी डॉलर वाचले. कंपन्यांनी आपल्या योजनांबद्दल काढलेले असे आकडे थोडे हात राखूनच घ्यावेत. पण त्यातला निम्मा आकडा खरा धरला, तरी चार ओळींच्या टिपणांनी केलेलं ते मोठं काम आहे.

नावाला एवढं महत्त्व का, हे समजून घेतलं पाहिजे, कारण वरवर पाहता ती मानाची हौस वाटते. लांब बसलेल्या अनोळखी माणसाने दिलेला सल्ला आपण मानायचा की नाही, हे आपण सल्ल्यापेक्षा माणसावरून ठरवतो. समोरासमोर असताना त्याचा चेहरा, वय, आजवरचं काम आपल्याला माहीत असतं. पडद्यावर यातलं काहीच नसतं. असतं ते फक्त नाव. त्या नावाखाली आधीची पाच टिपणं कामी आलेली असतील, तर सहाव्यावर भरवसा बसतो. लिहिणाऱ्यालाही ते बांधून ठेवतं: चुकीचं लिहिलं तर आपल्याच धंद्यातली हजारो माणसं ते वाचणार आहेत. म्हणजे एकच नाव वाचणाऱ्याला खात्री देतं आणि लिहिणाऱ्याला धाक. साहेबाच्या शाबासकीने हे घडत नाही, कारण यंत्रातलं बारीकसारीक साहेबाला कळत नाही, हे दोघांनाही माहीत असतं. समव्यवसायी माणसाने मान डोलावणं वेगळं असतं. गाण्याच्या मैफलीत पुढच्या रांगेतल्या कलावंताची दाद गायकाला जशी हवी असते, तशीच ही भूक आहे.

पैशांबद्दलची तंत्रज्ञांची भीती किती रास्त होती, हे आपल्याच देशातल्या एका उदाहरणावरून दिसलं. 1981 मध्ये नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी पुण्यात सुरू केलेली आणि पुढे बेंगळुरूला गेलेली इन्फोसिस 1990 च्या दशकात झपाट्याने वाढली. माणसं अनेक शहरांत आणि देशांत विखुरली. एका प्रकल्पात शिकलेलं दुसऱ्या प्रकल्पात वापरता यावं म्हणून कंपनीने अंतर्गत ज्ञानकोश उभारला. सुरुवातीला प्रतिसाद थंडा होता. म्हणून 2001 च्या सुमारास ‘नॉलेज करन्सी युनिट’ नावाची गुणपद्धत आली: लेख दिला, कुणाला तो आवडला, की गुण जमा, गुणांच्या बदल्यात वस्तू. रघु गरुड आणि अरुण कुमारस्वामी या अभ्यासकांनी 2005 मध्ये या प्रयोगाबद्दल सविस्तर लिहिलं आहे. लेखांचा अक्षरशः पूर आला. मग तो पूरच त्रासदायक ठरू लागला: कामाचं काय आणि भरताड काय हे शोधण्यातच वेळ जाऊ लागला, तपासणाऱ्यांवर ओझं वाढलं आणि गुणांच्या खरेपणाबद्दल शंका येऊ लागली. कंपनीला पुढे ही पद्धत बदलावी लागली. बक्षिसांवरचा भर कमी करून ओळख आणि मान्यता यांच्याकडे वळावं लागलं. इन्फोसिसने चूक वेळेत ओळखली, याचं श्रेय तिला दिलं पाहिजे. पण बहुतेक संस्था आजही तिथूनच सुरुवात करतात, आणि ‘महिन्याचे सर्वोत्तम ज्ञानदाते’ असा फलक लावून थांबतात.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो खोटा नाही. कर्मचाऱ्याने कंपनीच्या फायद्यासाठी फुकट लिहावं, नावावर समाधान मानावं, हे मालकाला फारच सोयीचं तत्त्वज्ञान झालं. मान्य. म्हणूनच पैसा आणि वेळ यांत फरक करायला हवा. टिपणाला भाव लावणं वाईट. टिपण लिहिण्याच्या वेळेचा पगार देणं आवश्यक. ज्या संस्थेत माणूस दिवसभर ठरलेलं काम संपवतो आणि ज्ञान वाटण्याचं काम रात्री घरी बसून करतो, तिथे दोन-चार हौशी माणसं वर्षभर लिहितात आणि मग तीही थकतात. तपासणाऱ्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरं आहे. त्याचं काम कंटाळवाणं, नाव कमी आणि जबाबदारी मोठी. त्याच्या आठवड्यातले ठरावीक तास यासाठी अधिकृतपणे मोकळे ठेवले नाहीत तर सगळी व्यवस्था महिन्याभरात तुंबते.

दुसरा आक्षेप व्यवस्थापनाचा. कर्मचाऱ्यांनी एकमेकांना शिकवायचं म्हटलं तर चुकीच्या युक्त्याही पसरतील. विजेच्या, औषधांच्या, विमानांच्या कामात याची किंमत जिवाने मोजावी लागेल. म्हणून सगळं वरिष्ठांनी तपासूनच पुढे जावं. सुरक्षेचे नियम वरूनच यावेत, यात वाद नाही. पण वरून भरलेली कोठारं वापरली जातात का, याचा पुरावा निराशाजनक आहे. अमेरिकेच्या ‘नासा’कडे आपल्या मोहिमांतून शिकलेले धडे साठवणारी संगणकीय व्यवस्था 1990 च्या दशकापासून होती. मंगळावर पाठवलेली दोन यानं 1999 मध्ये पाठोपाठ गमावल्यानंतर अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तिची पाहणी केली. जानेवारी 2002 च्या अहवालात म्हटलं होतं की नासाचे प्रकल्पप्रमुख असे धडे नियमितपणे गोळाही करत नाहीत आणि एकमेकांना सांगतही नाहीत. जगातली इतकी हुशार आणि इतकी शिस्तीची संस्था, व्यवस्था तयार, नियम तयार, आणि तरी हे. याउलट युरेकात तपासणी होती आणि कडक होती. फरक एवढाच की तपासणारा लिहिणाऱ्याच्या बरोबरीचा होता, त्यामुळे ‘हे चुकलंय’ हे वाक्य दोघांमधली चर्चा म्हणून ऐकलं जाई, खात्याचा ठपका म्हणून नव्हे.

तिसरी अडचण मनातली आहे आणि आपल्याकडे तिला जुनी परंपरा आहे: शिष्याला सगळं शिकवायचं, पण एक डाव हातचा राखायचा. आपल्याला जे येतं ते सगळ्यांना सांगून टाकलं तर आपली गरज काय उरली, ही भीती नोकरकपातीच्या काळात मूर्खपणाची म्हणता येत नाही. कॅथरिन कॉनेली या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये कामाच्या ठिकाणी ज्ञान दडवण्याचे तीन प्रकार मांडले. एक, वेड पांघरून पेडगावला जाणं. दोन, आज सांगतो, उद्या सांगतो करत टोलवणं, किंवा अर्धवट सांगणं. तीन, ‘साहेबांची परवानगी नाही’ असं कारण पुढे करणं. तिन्ही प्रकार कुठल्याही कार्यालयात दुपारपर्यंत पाहायला मिळतील. 2014 मधल्या दुसऱ्या एका संशोधनात असं दिसलं की दडवणाऱ्याचं स्वतःचं नवं काही सुचणंही आटतं, कारण सहकारी त्याच्यापासून दडवू लागतात. तेव्हा हातचा राखणारा शेवटी तोट्यातच जातो. पण हे व्याख्यान देऊन कुणाची भीती जात नाही. भीती जाते ती अनुभवाने. ज्याने सगळ्यांना शिकवलं त्याचीच पुढे बदली, त्याचीच कपात, असं एकदा जरी दिसलं की त्या संस्थेतले बाकीचे शहाणे होतात, आणि तो शहाणपणा मोडायला वर्षं लागतात. शिकवणाऱ्याच्या बढतीत त्याच्या नावावरच्या टिपणांचा विचार झाला, तर उलटा अनुभव तयार होतो.

चौथा आक्षेप कोविडनंतर जोरात ऐकू येतो. ऑनलाइन काही खरं नाही, माणसं एका छपराखाली आणा, शिकणं आपोआप होईल. याला आधार आहे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या 61 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या 2020 च्या पहिल्या सहा महिन्यांतल्या संपर्काचा अभ्यास झाला. सगळे घरून काम करू लागल्यावर आपापल्या गटातला संपर्क घट्ट झाला, पण दुसऱ्या गटांबरोबर जाणारा वेळ सुमारे पाव भागाने घटला. म्हणजे अनपेक्षित ठिकाणाहून अनपेक्षित माहिती मिळण्याचे मार्ग अरुंद झाले. पण हा वाद कार्यालयात बसणाऱ्यांचा आहे. खांबावर चढणारा वायरमन, एसटीच्या आगारातला मेकॅनिक, आदिवासी तालुक्यातला शिक्षक किंवा आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका कधीच एका छपराखाली नव्हते आणि येणारही नाहीत. त्यांच्यापुढे निवड ऑनलाइन की समोरासमोर अशी नसते. ऑनलाइन की एकट्याने, अशी असते.

अशा माणसांसाठी अंतर किती कापता येतं, हे न्यू मेक्सिकोच्या एका प्रयोगाने मोजून दाखवलं. अमेरिकेचं हे राज्य वाळवंटी, विरळ वस्तीचं आणि गरीब. तिथल्या विद्यापीठात यकृताचे तज्ज्ञ असलेले डॉ. संजीव अरोरा, ज्यांचं वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात झालं, यांच्याकडे हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना तारीख मिळायला आठ-आठ महिने लागत. त्या वेळचे उपचार लांबलचक आणि दुष्परिणामांचे होते. गावातले डॉक्टर ते अंगावर घ्यायला धजत नसत. 2003 मध्ये अरोरा यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. आठवड्यातून एकदा गावोगावचे डॉक्टर आणि परिचारिका पडद्यावर एकत्र येत. व्याख्यान थोडंच असे. मुख्य भाग म्हणजे प्रत्येकाने आपला रुग्ण, नाव न सांगता, सगळ्यांपुढे मांडायचा आणि तज्ज्ञांसकट सगळ्यांनी त्यावर बोलायचं. रुग्ण गावातल्या डॉक्टरचाच राही. 2011 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 407 रुग्णांची तुलना छापून आली. विद्यापीठाच्या दवाखान्यात विषाणू नाहीसा होण्याचं प्रमाण 57.5 टक्के होतं. 21 ग्रामीण केंद्रांत आणि तुरुंगांत 58.2 टक्के. दूरवरच्या साध्या डॉक्टरांनी तज्ज्ञांची बरोबरी केली. भारतातही ही पद्धत रुजली आहे. बेंगळुरूची निमहान्स संस्था मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या कामात ती वापरते. एकोत ना टिपणांचं भांडार होतं, ना गुण. तरी युरेकाशी त्याचं नातं जवळचं आहे: शिकणं सुरू होई ते खऱ्या अडचणीपासून, ती मांडणारा माणूस ओळखीचा असे, आणि उत्तर वापरून काय झालं हे तोच पुढच्या आठवड्यात सगळ्यांना सांगे.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे की. महाराष्ट्रात तो प्रत्येक आगाराचा, केंद्राचा, तालुक्याचा, पाळीचा असतो आणि त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. त्यावर दोन मिनिटांत उत्तर येतं, फोटो येतो, मराठीत बोलता येतं, आणि मुख्य म्हणजे तो कुणी वरून लादलेला नसतो. ज्या गटात साहेब नसतात तिथे माणसं मोकळेपणाने विचारतात. साहेब आले की अंगठे आणि नमस्कार सुरू होतात. पण गटाची मर्यादाही तिथेच आहे. सकाळी मिळालेलं उत्तर संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या फुलांखाली गाडलं जातं. पुढच्या वर्षी रुजू होणाऱ्या माणसाला ते दिसतही नाही. बरोबर कोणतं आणि ऐकीव कोणतं, हे कुणी ठरवलेलं नसतं. डेन्व्हरच्या रेडिओसारखीच ही गत. माझ्या मते गट बंद करून तिथल्या लोकांना अधिकृत संकेतस्थळावर ढकलणं हा वेडेपणा आहे. गटातल्याच दोघा-तिघा जाणकारांनी आठवड्याला चार कामाची उत्तरं निवडावी, ती तपासून, मूळ माणसाच्या नावासकट, शोधता येईल अशा जागी ठेवावी, आणि संस्थेने त्यांना त्यासाठी अर्धा दिवस मोकळा द्यावा. एवढ्याने पुष्कळ होईल. खर्च जवळपास शून्य आहे. लागतो तो कर्मचाऱ्यांवर विश्वास. बहुधा म्हणूनच हे होत नसावं.

शेवटचा आक्षेप सर्वांत नवा आणि सर्वांत गंभीर. आता यंत्रच उत्तरं देतं. मग माणसांनी एकमेकांसाठी लिहायचं कशाला? एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या अर्थशास्त्रज्ञांनी ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास 2023 मध्ये मांडला. त्यांतले बरेच जण फिलिपिन्समध्ये बसून काम करणारे. ग्राहकाला काय उत्तर द्यावं हे सुचवणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन त्यांना दिलं, तेव्हा सरासरी काम सुमारे 14 टक्क्यांनी वाढलं. नवख्यांमध्ये वाढ 30 टक्क्यांहून अधिक होती, आणि मुरलेल्यांमध्ये जवळपास काहीच नाही. कारण उघड आहे. ते साधन ज्या संभाषणांवर घडवलं होतं त्यांतली सर्वांत चांगली संभाषणं मुरलेल्यांचीच होती. त्यांचं कसब यंत्रामार्फत नवख्यांपर्यंत पोहोचत होतं. म्हणजे यंत्राने ज्ञानाची देवाणघेवाण संपवली नाही, ती अधिक वेगाने केली, आणि देणाऱ्याचं नाव मात्र मधून गाळून टाकलं. या मुरलेल्या माणसांना त्यांच्या वाट्याचं काही मिळायला हवं का, हा प्रश्न त्या अभ्यासातून सरळ उभा राहतो. त्याला जोडून दुसराही येतो: पुढच्या वर्षी नव्या प्रकारची तक्रार आली, आणि ती आधी सोडवणाऱ्याला आपलं उत्तर नावाशिवाय यंत्राच्या पोटात जाणार हे माहीत असलं, तर तो ते नीट सांगेल का? यंत्र शिकतं ते माणसांनी सांगितलेल्यावरच. सांगणाऱ्यांनी हातचा राखायचं ठरवलं तर ते जुनीच उत्तरं नव्या भाषेत देत बसेल.

बँका, वीज कंपन्या, परिवहन, शाळा, दवाखाने, सगळीकडे आता अशी साधनं येऊ घातली आहेत आणि त्यांच्या खरेदीच्या बैठकांत किमतीची आणि वेगाची चर्चा होते. त्या बैठकीत तुमच्यापैकी कुणी बसणार असेल, मग अधिकारी म्हणून असो वा कर्मचारी संघटनेचा प्रतिनिधी म्हणून, तर विकणाऱ्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: उत्तराखाली ते मुळात ज्याने शोधलं त्या कर्मचाऱ्याचं नाव दिसेल का, आणि चुकीचं उत्तर काढून टाकण्याचा अधिकार ते काम रोज करणाऱ्यांकडे राहील का. दोन्हींपैकी एकालाही ‘नाही’ असं उत्तर मिळालं, तर तो करार करू नका.